जुन्या जीपच्या पुढच्या पाट्याचा सेंटर बोल्ट सारखा तुटतोय? बोल्ट सोडा, यू-बोल्टकडं बघा

नवा सेंटर बोल्ट टाकला, थोडे दिवस गाडी नीट चालली, आणि परत एखाद्या खड्ड्यात नाहीतर जोरात ब्रेक मारल्यावर खालून टक्क असा आवाज आला, आणि त्यानंतर स्टेअरिंग वाकडं धरल्याशिवाय गाडी सरळ जाईना. ज्यांच्याकडं जुनी जीप आहे त्यांना हे नवीन नाही. मिस्त्री म्हणतो "मालक, बोल्टच डुप्लिकेट होता ओ, आता चांगला टाकतो", दुकानदार म्हणतो आमचा माल ओरिजिनलच हाय, आणि मधल्या मधी पैसे तुमचे जातात. बोल्ट डुप्लिकेट असेलही, नाही म्हणत नाही, पण एकाच जागचा बोल्ट परत परत तुटत असेल तर बहुतेक वेळा दोष त्याचा नसतोच. सेंटर बोल्टचं काम वजन पेलायचं नाही. सगळे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या पट्ट्या, एका जागी धरायचे, आणि अ‍ॅक्सल पाट्यावर नेमका कुठं बसायचा ती जागा पक्की करायची, एवढंच त्याचं काम. ब्रेकचा झटका, खड्ड्याचा मार, इंजिनाची ओढ, हे सगळं यू-बोल्टनी, म्हणजे पाटा अ‍ॅक्सलला आवळणाऱ्या यू आकाराच्या बोल्टनी, दाबून धरायचं असतं. ती पकड ढिली झाली की सगळी ओढाताण त्या बारक्या बोल्टवर येते आणि तो कापला जातो. मग कितीही भारीतला टाका.

हे मी सीजे-3बी धरून लिहितोय, म्हणजे ती उंच बॉनेटवाली. विलीज कंपनीनं 1953 ला काढली, इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये गेले, इंजिन उंच झालं म्हणून बॉनेट वर उचलावं लागलं. अमेरिकेत ती 1968 ला बंद झाली, आपल्याकडं महिंद्रानं पुढं कितीतरी वर्षं काढली, त्यामुळं खेड्यापाड्यात अजून सापडते. नंतरच्या पाट्याच्या जीपांनाही यातलं जवळपास सगळं लागू पडतं, फक्त मापं बदलतात.

आता मुद्द्याची गोष्ट. या जीपमध्ये पाटा अ‍ॅक्सलच्या खाली असतो, आणि इथंच सगळा घोळ होतो. आपल्याकडचे पाटेवाले मिस्त्री वाढलेत ट्रकवर आणि उसाच्या ट्रॉलीवर, हात चांगला असतो त्यांचा, पण ट्रकला पाटा अ‍ॅक्सलच्या वर बसतो. तिथं गाडीचं वजनच पाट्याला अ‍ॅक्सलवर दाबतं, त्यामुळं यू-बोल्ट थोडा ढिला असला तरी काही दिवस निभावतं. जीपमध्ये उलटं आहे. चेसिस पाट्याची दोन्ही टोकं खाली ढकलतं, अ‍ॅक्सल जमिनीवर उभ्या चाकांमुळं वरच राहतो, म्हणजे पाट्याचा मधला भाग अ‍ॅक्सलपासून खाली सुटायला बघतो आणि त्याला वर धरून ठेवतात ते फक्त यू-बोल्ट आणि खालची प्लेट. पुढचं सगळं वजन यू-बोल्टना लटकलेलं आहे असं समजा. नट जरा सैल झाला की लगेच फट पडते, सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या बैठकीतल्या (पाटा टेकतो त्या जागेतल्या) भोकात खुळखुळायला लागतं, आणि पुढं काय होतं ते तुम्हाला माहितीच आहे.

यातनं अजून एक निघतं जे कुणी सांगत नाही. गाडी जॅकवर घेऊन चाकं लटकवली की अ‍ॅक्सल स्वतःच्या वजनानं पाट्यावर येऊन बसतो आणि फट गायब. मिस्त्री टॉर्च मारून बघतो, "सगळं फिट हाय की" म्हणतो, तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच दिसत नाही. म्हणून फट बघायची ती चाकं जमिनीवर असताना. सपाट जागेवर गाडी लावा, आडवं पडून बैठक आणि वरच्या पाट्याच्या मधे पातळ पत्रा किंवा फीलर गेज घालून बघा. जातोय? मग कारण सापडलं. दुसऱ्याला आत बसवून गाडी थोडी पुढं-मागं करत ब्रेक दाबायला लावा आणि तुम्ही बाजूनं, चाकाच्या वाटेत न येता, बैठकीकडं बघा, ढिली असेल तर अ‍ॅक्सल पाट्यावर सरकताना डोळ्यांना दिसतो. अजून एक खूण म्हणजे त्या जागी गंजाची तांबूस पावडर दिसते. दोन लोखंडं एकमेकांवर घासायलीत त्याची ती खूण. नीट दाबलेल्या जोडाला अशी पावडर येत नाही.

बोल्ट आत तुटलाय का नाही हे खोलायच्या आधी कळतं. ओळंबा घ्या, बांधकामवाल्याकडं असतो तो. पुढच्या आणि मागच्या हबच्या मध्यापासून ओळंबा सोडून फरशीवर खडूनं खुणा करा, आणि डाव्या बाजूचं पुढचं-मागचं अंतर आणि उजव्या बाजूचं अंतर टेपनं मोजा. 3बीचा व्हीलबेस 80 इंच, म्हणजे 2032 मिलिमीटर. लांब जीपचा आकडा वेगळा येईल, पण कुठलीही असली तरी दोन्ही बाजू सारख्या यायला पाहिजेत. एक बाजू अर्धा-पाऊण इंच कमी आली तर त्या बाजूचा पुढचा अ‍ॅक्सल मागं नाहीतर मागचा पुढं सरकलाय. पुढच्या पाट्याच्या मागच्या डोळ्यापासून, म्हणजे टोकाच्या गोल वळणापासून, अ‍ॅक्सलपर्यंतचं अंतर पण दोन्हीकडं मोजा, म्हणजे पुढचा सरकलाय का मागचा ते कळेल. हे न करता लोक सरळ अलाइनमेंटला गाडी लावतात, तिथला पोरगा टाय रॉड फिरवून स्टेअरिंग सरळ करून देतो, पैसे घेतो, आणि अ‍ॅक्सल तसाच तिरका राहतो. टाय रॉडला हात लावायच्या आधी हे माप घ्याच.

आणि हो, एकदा खात्री करा की तुटलाय तो सेंटर बोल्टच. काही वेळा शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला झुलतं जोडणारी कडी, नाहीतर मागच्या डोळ्याचा पिव्हट बोल्ट गेलेला असतो. 3बीला पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला असतं आणि मागचं टोक चेसिसला पक्कं. शॅकल जुन्या आट्याच्या बुशवालं असेल तर एक सावधगिरी, त्यातल्या काही बुशना उलटे आटे असतात, त्यांच्या षटकोनी डोक्याभोवती खाच असते. ती न बघता पाइप लावून जोर काढला की नवीन काम वाढतं.

खोलायचं कसं. आपल्याकडं काळी माती, त्यावर जॅक लावू नका, ऊन असेल तर तडे आणि पाऊस असेल तर चिखल, दोन्हीत जॅक जातो. फरशी किंवा काँक्रीट बघा, नसेल तर जॅकखाली जाड फळी. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड नाहीतर ठोकळे, चेसिसच्या दोन्ही बाजूंना घोड्या (जॅक स्टँड), नुसत्या जॅकवर खाली शिरायचं नाही म्हणजे नाही. दुसरा जॅक अ‍ॅक्सलखाली. दोन्ही पुढची चाकं काढली तर हात घालायला जागा होते. शॉक अ‍ॅब्सॉर्बरचं खालचं टोक त्याच प्लेटला असतं, ते आधी सोडा. ब्रेकचा होज ताणला जाणार नाही एवढं बघा, अ‍ॅक्सल होजला लटकला तर ब्रेकचं काम वेगळं निघेल.

यू-बोल्टचे नट आदल्या रात्री तेल मारून भिजत ठेवा. तरी नाही सुटले तर ग्राइंडरनं कापा, कारण जुने यू-बोल्ट परत वापरायचेच नाहीत. एकदा ताणले गेलेले असतात, वाकवलेल्या जागी गंज बसलेला असतो आणि आटे घासलेले. नव्या यू-बोल्टचे पैसे वाचवून परत सेंटर बोल्ट बदलण्यात काय शहाणपणा आहे मला कळत नाही. गॅसनं मात्र गरम करू नका, पाट्याजवळ तर अजिबात नाही. पाट्याचं पोलाद पाणी दिलेलं असतं, ते तापवलं की तिथला कडकपणा जातो आणि पाटा बसतो नाहीतर तुटतो. याच कारणानं पाट्याला वेल्डिंग पण करायचं नाही, कुणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी.

यू-बोल्ट पूर्ण काढायच्या आधी प्लेटच्या दोन्ही अंगांना एकेक दणकट सी-क्लॅम्प लावून पाटे आवळा. हे महत्त्वाचं आहे. सेंटर बोल्ट तुटलेला आणि यू-बोल्ट पण गेले तर पाटे फक्त कडांच्या क्लिपांवर राहतात आणि प्रत्येक पाट्याची कमान वेगळी असल्यामुळं ते उघडायला ताणलेले असतात. बोटं मधे नकोत, तोंड पण समोर नको. मग यू-बोल्ट, प्लेट काढा, अ‍ॅक्सलखालचा जॅक दोन-तीन इंच वर घ्या, बैठक पाट्यापासून सुटी होते. तुटलेल्या बोल्टचा खालचा तुकडा बहुतेक हातात येतो, डोकं बैठकीच्या भोकात अडकलं असेल तर बारीक छन्नी नाहीतर पक्कडनं काढा.

तो तुकडा फेकून देऊ नका! सगळी कहाणी त्यातच असते. धुऊन उन्हात धरून बघा. तुटलेल्या जागी आधी गुळगुळीत काळपट भाग, त्यावर एकाआड एक कमानीसारख्या बारीक रेषा, आणि शेवटी थोडा खरबरीत चमकणारा भाग असेल, तर तो हळूहळू थकून तुटलाय, म्हणजे बरेच दिवस अ‍ॅक्सल हलत होता आणि शेवटचा खड्डा निमित्त झाला. कडेला सरळ कापल्यासारखा असेल तर एकदम मोठा झटका बसलाय. तुटलेल्या जागेजवळ बोल्ट बारीक होऊन ताणल्यासारखा दिसत असेल तर पाना जास्त ओढलाय कुणीतरी. पहिला प्रकार असेल तर खाली लिहिलेलं सगळं तपासल्याशिवाय नवा बोल्ट टाकू नका.

सगळ्यात आधी बैठकीचं भोक बघा. ते गोल पाहिजे आणि बोल्टचं डोकं त्यात नीट बसायला पाहिजे, हातानं हललं नाही पाहिजे. बोल्ट तुटत राहिला की भोक लांबट अंड्यासारखं होतं, मग नवा बोल्ट त्यात पहिल्या दिवसापासून खेळत असतो आणि त्याच्याकडून काही अपेक्षा करण्यात अर्थ नाही. आपल्या सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथवाल्यांची काय कमी नाही. भोक थोडंच खराब असेल तर ते गोल करून घ्या आणि बोल्टचं डोकं त्या मापाचं टर्न करून घ्या. जास्त गेलं असेल तर भोक भरून परत पाडायला लागतं. बैठकीला वेल्डिंग चालतं, पाटा बाजूला काढून, आणि वेल्डिंगची अर्थ त्याच जागेजवळ लावा, नाहीतर करंट हबच्या बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगला डाग पडतात. ब्रेकचं तेल, ग्रीस, होज याची काळजी घ्या, पाण्याची बादली जवळ ठेवा.

मग प्लेट. सरळ पट्टी लावून बघा. प्लेट मधे वाकून वाटीसारखी झाली असेल तर नट कितीही आवळा, ती कडांवर दाबते आणि मधे मोकळं राहतं. वाकलेली प्लेट घणानं सरळ करून चालत नाही, परत तशीच होते, बदलूनच टाका.

पाट्यांच्या मधे आणि बैठकीवर काय काय असतं ते बघितलं की हसू येतं. रंगाचे थर, ग्रीसचा चोथा, कुणीतरी आवाज बंद व्हावा म्हणून घातलेला ट्यूबचा तुकडा. यातलं काहीच यू-बोल्टच्या दाबाखाली नको. रबर आणि जाड रंग दाबून दाबून पातळ होतात आणि तेवढाच यू-बोल्ट ढिला पडतो. तारेच्या ब्रशनं लोखंड उघडं करा, पातळ प्राइमर पुरे. कास्टरसाठी, म्हणजे पुढच्या चाकांचा पुढं-मागं कल जुळवायला, पाचर घातलेली असेल तर ती लोखंडी पाहिजे, अ‍ॅल्युमिनियमची चिरडते.

जादा पाटा हा तर इथला आवडता उद्योग. गाडी उंच दिसायला नाहीतर शेतातला माल टाकायला एक पाटा वाढवायचा. जाडी वाढते, पण यू-बोल्ट जुन्याच लांबीचे राहतात, नट कसाबसा तीन-चार आट्यांवर अडकतो. आवळल्यावर नटच्या बाहेर दोन-तीन आटे दिसले पाहिजेत, तेवढ्या लांबीचे नवे यू-बोल्ट करून घ्या नाहीतर जादा पाटा काढा. मी म्हणेन काढा, पुढं तर नकोच, कडक पाट्यावर प्रत्येक खड्डा सरळ जोडावर येतो. बुश आणि शॅकल जाम असतील तरी तेच, पाट्याला दबताना लांब व्हायला जागा मिळत नाही. आपल्या धुळीत ग्रीसचं निपल बुजतं आणि गन लावली तरी ग्रीस बाहेरूनच ओघळतं, ते आत जातंय का बघा.

आणि बोल्ट कायम एकाच बाजूचा तुटत असेल तर ब्रेक तपासा. एका बाजूचा व्हील सिलेंडर गळत असेल नाहीतर जाम असेल तर ब्रेकचा सगळा झटका दुसऱ्या चाकावर येतो, आणि त्या बाजूचा यू-बोल्ट सैल व्हायला तेवढं पुरतं. लोक महिनोन्‌महिने पाटा खोलतात आणि ड्रम उघडत नाहीत. ड्रम उघडलाच आहे तर पाट्याच्या हँगरचे चेसिसवरचे रिव्हेट पण हातोडीनं ठोकून बघा, सैल रिव्हेटचा आवाज वेगळा येतो.

बोल्ट घेताना. बहुतेक जुन्या जीपांना इंची माप, आणि दुकानात मिळतं मेट्रिक. 5/16 इंच म्हणजे 7.94 मिलिमीटर, एम 8 चा बोल्ट त्याच्या इतका जवळ की नजरेला फरक कळत नाही, पण 5/16 च्या बारीक आट्याला इंचाला 24 आटे आणि एम 8 ला 1.25 मिलिमीटरचा पिच. एकाचा नट दुसऱ्यावर दोन फेरे चढतो आणि मग जोरानं फिरवला की आटे जातात. नट आणि बोल्ट दोन्ही एकाच मापाचे घ्या, आणि जुना तुकडा खिशात घालून जा. साधा हार्डवेअरचा षटकोनी बोल्ट घेऊ नका, सेंटर बोल्टचं डोकं गोल असतं, तेच बैठकीत बसतं. मेट्रिकला डोक्यावर 8.8 किंवा 10.9 छापलेलं असतं, इंचीला डोक्यावर तीन रेषा म्हणजे ग्रेड 5 आणि सहा म्हणजे ग्रेड 8. काही जण म्हणतात 12.9 टाका, प्रश्नच मिटेल. नाही मिटणार. अ‍ॅक्सल हलत असेल तर कडक बोल्ट बैठकीचं भोक खाईल नाहीतर पाटा मधल्या भोकातून तुटेल, आणि मुख्य पाटा तुटला की खर्च कुठं जातो ते पाटेवाल्याला विचारा. डिफरन्शियलच्या बाजूचा यू-बोल्ट दुसऱ्या आकाराचा असू शकतो, दोन्ही बाजूंचे नमुने घेऊन जा. गळीत हंगाम चालू असेल तर पाटेवाल्याकडं ट्रॉल्यांची रांग असते, घाईत हाताला लागेल तो यू-बोल्ट वाकवून देतील, थांबायची तयारी ठेवा.

बसवताना सगळ्या पाट्यांची भोकं जुळवायला त्याच जाडीचा लांब आट्याचा रॉड आरपार घाला, नटनं पाटे हळूहळू ओढून घ्या, क्लॅम्प घट्ट करा, मग रॉड काढून खरा बोल्ट वरून खाली, म्हणजे डोकं वर अ‍ॅक्सलकडं. जादा लांबी कापा पण प्लेटच्या भोकात नट मोकळा बसतोय ना बघा. प्लेट नटवर टेकली तर यू-बोल्ट पाटा दाबतच नाही, नुसता नट दाबतो. मग अ‍ॅक्सल खाली घेऊन डोकं भोकात गेल्याची खात्री करा, बोटानं चाचपून. यू-बोल्टचे चारही नट आळीपाळीनं, तिरपे-तिरपे, थोडे थोडे आवळा. एक नट पूर्ण आवळून मग दुसरा, असं केलं की प्लेट तिरकी बसते.

टॉर्कचा आकडा यू-बोल्टच्या जाडीवर ठरतो, तो तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या आणि टॉर्क पान्यानंच आवळा, पाइप लावून अंदाजानं नको. मॅन्युअल फूट-पौंडात आणि पाना न्यूटन मीटरमध्ये असेल तर 1.356 नं गुणायचं, म्हणजे 50 फूट-पौंड झाले 68. आट्यांना तेल लावलंय का कोरडे आहेत हेही महत्त्वाचं, तेलावर तोच टॉर्क बोल्टला बराच जास्त ताणतो, मॅन्युअल ज्या स्थितीसाठी आकडा देतं तसंच ठेवा. गाडी खाली घ्या, बंपरवर चढून चार-सहा वेळा दाबा, परत टॉर्क बघा, थोडा फिरेलच. रबराचे बुश असतील तर डोळ्याचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असतानाच.

यानंतरचं काम कुणीच करत नाही आणि म्हणूनच बोल्ट परत तुटतो. नवे यू-बोल्ट आणि साफ केलेले पाटे पहिल्या प्रवासात बसतात. म्हणून तुळजापूरला जाऊन आलात की लगेच टॉर्क तपासा, 500 किलोमीटरच्या आसपास परत एकदा, आणि मग प्रत्येक ग्रीसिंगला. नटवर आणि प्लेटवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवा, रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय, वाकून बघायला दोन मिनिटं पण लागत नाहीत.

आणि रस्त्यातच तुटला तर? आधी अ‍ॅक्सल किती सरकलाय ते बघा. चाक मडगार्डला लागत असेल, ब्रेकचा होज ताणला असेल किंवा स्टेअरिंग अर्धा फेरा वाकडं झालं असेल तर गाडी चालवू नका, मोहोळच्या पुढं असा नाहीतर विजापूर रोडला, टेम्पोवर घालून आणा. सरकला नसेल आणि चारही यू-बोल्ट शाबूत असतील तर ते जागेवर आवळून, ब्रेक हलका हलका वापरत, जवळच्या गॅरेजपर्यंत हळू नेता येते. त्यासाठी गाडीत यू-बोल्टच्या मापाचा एक रिंग पाना आणि फूटभर पाइप टाकून ठेवा. जादा सेंटर बोल्ट ठेवून काही उपयोग नाही, तो रस्त्यावर बसत नाही.